रोखलेलं स्त्रीबीज शिळं होतं का?

प्रश्न : डॉक्टरबाई, मी जोगेश्वरीला राहतो, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ आमच्या ८ गिर गाई आहेत. त्यातली गौरी दुधाला सगळ्यांत सरस, पण दोन वर्षं भरवूनही गाभण राहत नाही. गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेकडून तिची स्त्रीबीजं काढून भ्रूण करवले. १४ बीजं निघाली, २ भ्रूण झाले, ते दोन कालवडींत सोडले, एकही गाभण ठरली नाही. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, या वेळी बीजं काढल्यावर काही तास ‘रोखून’ ठेवू, मग पक्व करू. दूध काढलं की लगेच तापवावं, एवढं मला कळतं. जिवंत बीज असं थांबवलं तर शिळं नाही का होणार?
— एक गोपालक, जोगेश्वरी

उत्तर : दादा, पक्व झालेल्या बीजाबद्दल तुमची भीती अगदी खरी आहे. त्याला वेळेत शुक्राणू मिळाला नाही तर काही तासांत ते उतरायला लागतं. पण डॉक्टर रोखणार आहेत ते कच्चं बीज, आणि कच्च्या बीजाला थांबणं नवीन नाही. गौरी आईच्या पोटात होती तेव्हाच तिची बीजं तयार होऊन थांबली. इतकी वर्षं ती थांबूनच आहेत.

अंडाशयात बीज ज्या पाण्याच्या फोडात वाढतं, त्याच्या भिंतीतल्या पेशी बीजाला सारखा ‘थांब’ असा निरोप धाडत असतात. बीजाला लगटून बसलेल्या पेशींमधून तो आत पोचतो आणि सायक्लिक एएमपी नावाचा रेणू टिकवून धरतो. सुईने बीज बाहेर ओढलं की निरोप तुटतो, रेणू घटतो आणि बीज आपणहून पक्व व्हायला लागतं. ३८.५ अंशांच्या पेटीत २२ ते २४ तासांत ते फलनाला तयार दिसतं.

दिसतं, असंच म्हणते. कारण बीजाचं केंद्रक पुढे गेलेलं असतं, पण बीजातल्याच, केंद्रकाभोवतालच्या द्रव्याची तयारी अपुरी असू शकते. गाईचा भ्रूण ८ ते १६ पेशींचा होईपर्यंत मुख्यतः आईने बीजात भरून दिलेल्या शिदोरीवर जगतो. पक्व होताना बीजाच्या केंद्रकाचं आवरण विरघळलं की त्या शिदोरीत नवी भर जवळजवळ थांबते. पहिल्या दोन दिवसांत देखणे दिसलेले भ्रूण चौथ्या दिवशी ८ ते १६ पेशींवरच अडलेले मी कितीदा पाहिलेत, आणि दर वेळी जीव हळहळला आहे. बीज रोखायचं ते एवढ्यासाठी, की भोवतालच्या पेशींशी त्याचं देणंघेणं आणखी काही तास चालू राहावं.

मी परळच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा सकाळी देवनारहून म्हशींची अंडाशयं कोमट सलाइनच्या थर्मासात आणायचे. गोवंडीहून कुर्ला, तिथून परळ, गर्दीत थर्मास पोटाशी धरलेला. सूक्ष्मदर्शकाखाली ताजं बीज राजगिऱ्याच्या दाण्यासारखं घट्ट, पेशींनी लपेटलेलं दिसायचं. दुसऱ्या दिवशी तेच भिजवलेल्या सब्जासारखं, भोवती पारदर्शक बुळबुळीत वलय. पण एकाच अंडाशयातलं एक घट्ट तर दुसरं तेव्हाच सैल पडू लागलेलं, असंही असायचं. सगळ्यांना एकच घड्याळ लावलं की कुणाला घाई होते, कुणाला उशीर. रोखल्यामुळे ही चाल थोडी जुळते, हाही फायदा आहे.

रोखायचे मार्ग वेगवेगळे आहेत. आयबीएमएक्स आणि फोर्स्कोलिन या रसायनांनी सायक्लिक एएमपी चढं ठेवतात, किंवा शरीरातला ‘थांब’चा निरोप देणारं सीएनपी हेच पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा छोटा रेणू, द्रावणात घालतात. रॉस्कोविटिन नावाचं औषध तर पक्वतेचं यंत्रच तात्पुरतं बंद करतं. परिणाम मात्र सगळीकडे सारखे नाहीत. कुठे भ्रूण वाढले, कुठे जेवढ्यास तेवढे राहिले, आणि फार वेळ रोखलं तर नुकसानही झालं. मुळातच कमकुवत बीज रोखून सुधारत नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर मी सांगते.

मागच्या अपयशाने खचू नका. चांगल्या प्रयोगशाळेतही १०० बीजांतून साधारण ३० ते ४० भ्रूण सातव्या दिवसापर्यंत पोचतात. तुमचे २ त्या मानाने कमी, पण अशा भ्रूणांतले निम्म्याहून कमीच गर्भ धरतात, त्यामुळे दोन कालवडींवरून काहीच ठरवता येत नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा : बीजं खरंच औषधाने रोखणार, की गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नुसती डब्यात ठेवणार? औषधाविना उबदार डब्यात ठेवलेलं बीज वाटेतच पिकायला लागतं, आणि त्या तासांचा हिशेब धरला नाही तर तुमची शिळेपणाची भीती खरी ठरेल. बीजं काढण्याआधी हार्मोनची इंजेक्शनं देणार असतील, तर शेवटच्या इंजेक्शननंतर किती थांबणार हेही विचारा. साधारण दोन दिवस थांबून काढलेली बीजं बरी निघतात. तीही रोखण्याचीच एक तऱ्हा, फक्त गाईच्या अंगातली.

वाड्याचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत हे उरका, उष्म्याचा फटका बीजाला पुढे कित्येक आठवडे भोवतो. गौरीचा खुराक आणि खनिज मिश्रण आजपासूनच नीट करा, कारण बीज वाढायला महिने लागतात. आणि या खेपेला किती बीजं निघाली, किती तास रोखली, चौथ्या दिवशी किती अडली, हे वहीत लिहून घ्या. ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.