सोसायटीची ठेव सोलरमध्ये घालावी का?

प्रश्न: आमची कोथरूडची 48 सदनिकांची सोसायटी 2001 सालची आहे आणि मी तिची खजिनदार आहे. लिफ्ट, पंप, जिने आणि पार्किंगच्या दोन मीटरचे मिळून महिन्याला साधारण 2,400 युनिट होतात, बिल 38,000 रुपये. एका विक्रेत्याने 20 किलोवॅटच्या सोलरचे 11 लाख सांगितले आहेत. सोसायटीची 12 लाखांची मुदत ठेव (व्याज 7 टक्के) पुढच्या महिन्यात संपते. ती पुन्हा ठेवावी की सोलर बसवावे?

उत्तर: ताई, सोलर बसवा, पण 20 किलोवॅटचे नको आणि लगेचही नको. आधी दिवे बदला.

तुमच्या सोबतच्या कागदात जिने आणि पार्किंग मिळून 60 जुन्या ट्यूबलाइट दिसतात. चोकसकट एक ट्यूब सुमारे 52 वॅट खाते, तिच्या जागी 20 वॅटची एलईडी पुरते. रोज 12 तास धरले तर महिन्याला 690 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात 500 युनिटांपुढचा टप्पा सर्वांत महाग आणि तुमची दोन्ही मीटर त्याच्या बरीच पुढे आहेत. म्हणजे वाचणारा प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातला. सरासरीने 16 रुपये धरले तरी महिन्याला 11,000 वाचतील. खर्च 300 रुपये नगाप्रमाणे 18,000, तो दोन महिन्यांत वसूल. एवढा परतावा मी कुठल्याच ठेवीत किंवा फंडात पाहिलेला नाही. एलईडी इतकी स्वस्त झाली त्यात सरकारचा मोठा हात आहे: 2015 च्या उजाला योजनेत घाऊक खरेदी झाली आणि 310 रुपयांच्या आसपास असलेला बल्बचा खरेदीदर काही वर्षांतच 40 रुपयांच्या खाली आला. पंपाला टाकी भरली की आपोआप बंद होणारा कंट्रोलरही बसवून घ्या.

एवढे केले की वापर 1,600 युनिटांवर येईल. आपल्याकडे 1 किलोवॅट सोलर रोज सरासरी 4 युनिट देतो, म्हणजे 14 किलोवॅट पुरे. विक्रेत्याच्याच दराने ते 7 लाख 70 हजार होतात. केंद्राच्या छतावरील सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 2 लाख 52 हजार. मात्र ते प्रकल्प सुरू झाल्यावर मिळते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच घालावी लागेल. आणि पॅनल देशी बनावटीचेच हवेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. 20 किलोवॅट घेतलेत तर जादा वीज वर्षअखेर कंपनीकडे अल्प दराने जाते. त्यासाठी आज पैसे अडकवू नका.

उरतात 5 लाख 18 हजार. तुमचा वापर बराचसा रात्रीचा आणि उत्पादन दिवसाचे, त्यामुळे सगळा हिशेब नेट मीटरिंगवर, म्हणजे दिवसा महावितरणला दिलेले युनिट बिलातून वजा होण्यावर, उभा आहे. ते नियम आणि वेळेनुसारचे दर बदलू शकतात, म्हणून मी युनिटची बचत 12 रुपयेच धरतो. वर्षाला 2 लाख 30 हजार होतात. धुणे, देखभाल आणि दहा-बारा वर्षांनी येणारा इन्व्हर्टर यांसाठी 40,000 बाजूला काढा. 1 लाख 90 हजार हातात राहतात. त्याच पैशावर ठेवीचे व्याज 36,000 होते. गुंतवणूक तीन वर्षांच्या आत परत येते.

आता ठेवीकडे या, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. ती सिंकिंग फंडाची आहे का? उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सभासदांकडून घेऊन जमलेला हा पैसा पुनर्बांधणी आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. सोलरसाठी त्याला हात लावू नका. ठेव सर्वसाधारण निधीची असेल तर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वापरा. नसेल तर दरमहा वाचणाऱ्या 11,000 ची वेगळी ठेव सुरू करा आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज पाहा. हप्ता बचतीतून भागतो.

इमारत 2001 ची, म्हणजे पुनर्विकासाची चर्चा कधीही सुरू होऊ शकते. येत्या तीन-चार वर्षांत तसा विचार असेल तर सोलर नको, फक्त दिवे आणि पंप करा. तसा विचार नसेल तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग पॅनलच्या आधी उरका. पॅनल 25 वर्षे चालतात, खालची गळती त्यांच्यासाठी थांबणार नाही. 14 किलोवॅटला साधारण 1,400 चौरस फूट सावलीविना जागा लागते, टाकीची सावली कुठे पडते ते डिसेंबरात दुपारी मोजा. आणि एका मीटरवरचे सोलर दुसऱ्या मीटरचे बिल आपोआप कमी करत नाही. दोन्ही जोडण्यांचा मंजूर भार पाहून प्रकल्प कसा विभागायचा ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. पुणे महापालिका सोलर असलेल्या मिळकतींना करात सवलत देते, तिची चौकशी ठराव होण्याआधीच करा.

मागच्या 12 महिन्यांची दोन्ही बिले घेऊन बसा. उन्हाळा-पावसाळ्यात मोठा फरक असेल तर 14 चा आकडा एक-दोन किलोवॅटने हलेल.