मार्टिन लूथर किंग यांच्या जवळच्या माणसांत खरंच एफबीआयचे (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे) खबरे होते का?

हो, होते, निदान दोन नावं तरी पक्की आहेत. किंग यांच्या संघटनेचे हिशेबनीस जिम हॅरिसन १९६५पासून एफबीआयला आतल्या बातम्या पुरवत होते. दुसरे मेम्फिसचे अर्नेस्ट विदर्स, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे गाजलेले फोटो काढणारे छायाचित्रकार. ते २००७ साली वारले आणि २०१० मध्ये तिथल्या ‘कमर्शियल अपील’ या वृत्तपत्राने त्यांचं बिंग फोडलं. कशामुळे, तर सरकारी कागदपत्रांतून त्यांचं नाव खोडलेलं असताना एका ठिकाणी ते खोडायचं राहून गेलं होतं! मात्र सगळी पाळत खबऱ्यांच्या माथी मारू नका. बरीचशी माहिती फोन टॅप करून मिळवलेली होती, आणि त्याला ऑक्टोबर १९६३ मध्ये मंजुरी दिली होती ती अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याचे प्रमुख, रॉबर्ट केनेडी यांनी.