मेणाच्या बाहुलीचं नाक बसलं, वन्संना कसं सांगू?

जालन्याच्या ताई,

सासूबाईंनी तुमच्या हवाली केलेली मेणाची बाहुली पत्र्याच्या खोलीत, ट्रंकेत राहिली आणि उन्हाळ्यात तिचं नाक बसलं. दिवाळीला वन्सं बघायला मागतील, त्याआधी गरम चमच्यानं नाक नीट करावं का, असं तुम्ही विचारता.

मुळीच नको. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. चमचा टेकला की गालाओठांचा रंग मेणात कालवला जाईल आणि तो चेहरा कायमचा जाईल. नुसत्या बसलेल्या नाकावर जाणकाराला अजून काम करता येतं.

तिला आजच माळवदाच्या आतल्या गार खोलीत हलवा. उताणी ठेवा, डोकं धुतलेल्या मलमलीच्या चुंबळीवर. चेहऱ्याला काहीही टेकू नये. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटका. रॉकेलनं मेण विरघळतं, स्पिरिटनं रंग निघतो.

त्या बसलेल्या नाकानं एक गोष्ट मात्र सांगितली. स्वस्त जर्मन बाहुल्यांत कागदाच्या लगद्यावर मेणाचा पातळ थर असतो. त्या तडकतात, पण आत कडक लगदा असल्यानं नाक असं बसत नाही. म्हणजे तुमची बहुधा ओतीव मेणाची, आतून पोकळ. केस बघा: कातड्यात उगवावेत तसे मेणात रोवलेले असतील, तर इंग्लंडची असण्याची शक्यता वाढते. लंडनच्या पिएरोत्ती या बाहुल्या घडवणाऱ्या घराण्याच्या काही बाहुल्यांच्या मानेमागे नाव कोरलेलं सापडतं, तिथल्याच मोंतानारी घराण्याच्या काहींच्या कापडी धडावर शाईची सही. झगा अलगद वर करून दोन्ही जागा बघा. सही नसली तरी हिरमुसू नका, बऱ्याच बाहुल्यांवर ती नसतेच.

छावणीतल्या मडमेनं ती पणजोबांना दिली, ही घरातली गोष्ट तपासण्यासारखी आहे. हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेलं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं सैन्य, १९०३ मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्यात मिसळलं. पणजोबांची नोकरी त्याआधीची की नंतरची, हे वन्संनाच विचारा. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेलं त्यांनाच ठाऊक असणार.

म्हणून फोन आज करा, दिवाळीपर्यंत थांबू नका. “वन्सं, माझ्या हातून बाहुली उकाड्यात राहिली, नाक बसलंय, फोटो पाठवते,” एवढंच बोला. पत्र्याला किंवा उन्हाळ्याला दोष देऊ नका. त्या रागावतील, तो त्यांचा हक्क आहे. ती त्यांच्या आजीची आठवण. त्या सांगतील ते कुणी, कधी सांगितलं यासकट पेन्सिलनं कागदावर उतरवा. कागद वेगळ्या कापडी पिशवीत बाहुलीशेजारी ठेवा. झग्याला टाचणीनं लावू नका, टाचणी गंजते.