असले सिनेमे बघून मी संशयी झाले का?

"मॅडम, रात्री मी त्या लफड्यांच्या आणि खुनाच्या फिल्म बघते. त्यामुळेच माझ्या डोक्यात हे शिरलंय का?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बऱ्याच जणींकडून येतो. कधी बायको स्वतःबद्दल विचारते, तर कधी नवरा तिच्याबद्दल बोलतो: "हिचं ते बघणं तेवढं बंद करा, बाकी आमच्यात काही प्रॉब्लेम नाही." ज्या घरात खरंच काही प्रॉब्लेम नसतो, त्या घरातली बाई फिल्म बघते, संपली की झोपते. जिला झोप लागत नाही, तिच्या मनात आधीपासून काहीतरी डाचत असतं. अशा वेळी फिल्म तिला एक आयती गोष्ट देते आणि त्या गोष्टीत दोषी कोण, तेही ठरवून देते.

वैशालीची हकिकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशाली चव्वेचाळीस वर्षांची, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहणारी, एका पतपेढीत नोकरी करणारी. मुलगा शिकायला पुण्याला गेलेला. नवरा निलेश ऐरोलीला आयटी कंपनीत. तो घरी यायला साडेनऊ, कधी अकरा. जेवण उरकलं की तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत आणि ही हॉलमध्ये मोबाइल घेऊन. मुलगा होता तोवर जेवताना त्याच्या निमित्ताने बोलणं व्हायचं. तो गेल्यावर ताटावर फक्त "भाजी वाढू का" एवढंच उरलं.

मोबाइलवर तिला हिंदीत डब केलेल्या अमेरिकन फिल्म सापडल्या. थिएटरसाठी नव्हे, टीव्हीसाठीच काढलेल्या. तिकडे 1960च्या दशकापासून ही पद्धत आहे. 1984 मध्ये सुरू झालेल्या लाइफटाइम वाहिनीने तर खास बायकांसाठी म्हणून हा प्रकार वर्षानुवर्षं चालवला. कथा साधारण एकच. सुखी घर, बरा नवरा, त्याचं एकदा पाऊल घसरतं आणि मग "ती" मागे लागते. आधी फोन, मग घरासमोर उभी गाडी, मग मुलाच्या शाळेच्या फाटकाशी ती हजर, शेवटी स्वयंपाकघरातला चाकू. "शेवट काय होणार ते माहीत असतं, तरी बंद करवत नाही," वैशाली म्हणाली.

मग निलेशच्या बोलण्यात ऑफिसमधल्या एका बाईंचं नाव दोन-तीनदा आलं. रात्री आतल्या खोलीतून हळू आवाजात फोन ऐकू आला. वैशालीने त्याचं "लास्ट सीन" बघायला सुरुवात केली. नंतर शर्टाचे खिसे, बँकेचे मेसेज, तो आंघोळीला गेला की फोन. दुसऱ्या नावाने इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडून त्या बाईंचे सगळे फोटो मागे मागे जाऊन पाहिले. एक दिवस पतपेढीतून अर्धी रजा घेऊन ती ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला गेली आणि निलेशच्या ऑफिसच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे थांबली. त्या बाई बाहेर आल्या, रिक्षात बसल्या, गेल्या. वैशालीने लांबून त्यांचा फोटो काढला. परतीच्या गाडीत तो फोटो मोठा करून बघताना तिच्या अंगावर काटा आला.

"मॅडम, त्या फिल्ममध्ये लांबून फोटो काढणारी बाई कोण असते, सांगा ना," ती मला म्हणाली. "मी तीच झाले." त्या संध्याकाळीच तिने भेटीची वेळ मागितली होती.

तिला वाटत होतं, मी आधी फिल्म बंद करायला सांगेन. मी तिच्याशी त्या फिल्मबद्दलच खूप बोलले, कारण तिला त्यांची रचना पाठ होती आणि आम्हाला तिचाच उपयोग झाला. टीव्हीचा दोन तासांचा वेळ, त्यात जाहिराती, म्हणून फिल्म जेमतेम दीड तासाची. प्रत्येक जाहिरातीआधी प्रेक्षकाला धरून ठेवायचं, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक धक्का हवाच: सापडलेली पावती, अनोळखी नंबर, बदललेला पासवर्ड. यातली एकही वस्तू निरर्थक निघून चालत नाही. नायिकेला संशय आला आणि तो खोटा ठरला, तर फिल्मच संपली. म्हणजे तिथे शोधणारीला नेहमी सापडतं. ते पाहून पाहून मनाला एक सवय लागते: पावती दिसली म्हणजे तिचा काहीतरी अर्थ असणारच.

आपल्याकडे देवलांनी 1916 साली 'संशयकल्लोळ'मध्ये नेमकं उलटं दाखवलं. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, ती त्याच्यावर, आणि दोघांच्याही हातात पुरावा असतो. पुरावा खरा, काढलेला अर्थ चुकीचा. वैशालीने ते नाटक लहानपणी आईबरोबर गडकरी रंगायतनला पाहिलं होतं. एक वही घालून तिने दोन रकाने आखले. एकीकडे "मी काय पाहिलं", दुसरीकडे "त्यावरून मी काय ठरवलं". पहिल्या रकान्यात आलं: रात्री साडेअकराला फोन, चाळीस मिनिटं, दार लोटलेलं. दुसऱ्यात पानभर मजकूर. ते पान तिने मला वाचून दाखवलं आणि मध्येच थांबून म्हणाली, "हे सगळं मी लिहिलंय."

तपासण्याचं काम मात्र वहीने थांबत नाही. त्याची यंत्रणा वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कुणीही नुसत्या निर्धाराने सुटत नाही. छातीत धडधड होते, फोन पाहिला की काही मिनिटं बरं वाटतं. त्या बरं वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की धडधड झाली की फोन पाहायचा. काही सापडलं नाही तर "त्याने डिलीट केलं असेल". म्हणजे रिकामा फोनही पुरावाच. आम्ही ठरवलं की तपासायची इच्छा झाली की आधी वेळ लिहायची आणि वीस मिनिटं काहीही करून थांबायचं, नंतर हवं तर बघायचं. पहिल्या आठवड्यात तिने जवळजवळ प्रत्येक वेळी बघितलं. हळूहळू काही वेळा वीस मिनिटांनंतर तिला बघावंसं वाटेना. धडधड आपोआप ओसरते, हे तिने स्वतः अनुभवणं गरजेचं होतं. मी कितीही सांगून ते पटलं नसतं.

फिल्म बंद केली नाही, फक्त रात्री साडेदहानंतर नको असं ठरलं. दोन-दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या माणसाला सगळ्याच गोष्टींत धोका जास्त दिसतो, मग तो काहीही बघत असो. आणि बघताना एक काम दिलं: पहिल्या धक्क्याच्या जागी थांबवायचं आणि नायिका इथे नवऱ्याला सरळ काय विचारू शकली असती ते लिहायचं. पुढच्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, एकीनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर फिल्म पंधराव्या मिनिटाला संपली असती." मग आपणहून म्हणाली, "मीही विचारलेलं नाही."

आता मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते सांगते. पहिल्या तीन भेटी वैशाली त्या बाईंबद्दलच बोलत होती. त्यांचे केस, साड्या, फोटोखाली कोण काय लिहितं. निलेशचा राग येतो का विचारलं तर म्हणाली, "तो भोळा आहे हो, त्याला कुणीही गुंडाळेल." हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की ते कुठून येतं याचा मी शोध घेतला. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' हा 1987चा सिनेमा थिएटरचाच, पण असल्या टीव्ही फिल्मनी त्याचाच साचा उचलला. त्याचा मूळ शेवट वेगळा चित्रित झाला होता: ती बाई आत्महत्या करते आणि संशय नवऱ्यावर येतो. चाचणी खेळांत प्रेक्षकांना ते रुचलं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि त्यात बायको तिला गोळी घालते. नवरा घरात सुखरूप. त्या बाईच्या हातात चाकू आला की नवऱ्याने काय केलं हा प्रश्नच उरत नाही. वेडी ती, दोष तिचा, कुटुंब वाचलं. या फिल्ममुळे होणारं मोठं नुकसान मला इथे दिसतं. "आपल्या दोघांत काय चाललंय" या प्रश्नाच्या जागी त्या "ती बाई कोण" हा प्रश्न बसवतात, आणि बायको आयुष्यभर त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधत ऐरोलीच्या रस्त्यावर उभी राहते.

वैशालीने हेही विचारलं की त्या बाईवर पोलिसात तक्रार करता येईल का. येत नाही. व्यभिचाराचं जुनं 497 कलम सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही बायकोला त्या कलमाखाली तक्रारीचा हक्क नव्हताच. व्यभिचार घटस्फोटाचं कारण मात्र आजही ठरू शकतो. पण तो वकिलाचा विषय, आणि तिथे पोचण्याआधी नवऱ्याशी एकदा बोलायला हवं.

इथे एक वेगळी गोष्ट सांगणं मी टाळू शकत नाही. प्रत्येक संशय समुपदेशनाने सुटणारा नसतो. कितीही खुलासे दिले तरी खात्री तसूभर हलत नसेल, संशय घेणारा माणूस कोंडून ठेवत असेल, मारहाण करत असेल, दारू वाढलेली असेल, उतारवयात हे एकाएकी सुरू झालं असेल किंवा पार्किन्सनसारख्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर मनोविकारतज्ज्ञच हवेत. या स्थितीचं वर्णन वैद्यकात ऑथेल्लो सिंड्रोम या नावाने आहे आणि तिला औषधं आहेत. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मारहाण असेल तर आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. वैशालीचं तसं नव्हतं. तिला स्वतःच्या वागण्याची भीती वाटत होती, आणि ज्याला अशी भीती वाटते त्याला बऱ्याचदा बोलण्याने वाट सापडते.

निलेशला फोटोची गोष्ट तिने स्वतः सांगितली. तो संतापलेला आला. "उद्या ऑफिसात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याचं म्हणणं रास्त होतं, त्या बाईंचाही यात काही दोष नव्हता, आणि वैशालीने तो फोटो आमच्यासमोरच काढून टाकला, ते दुसरं अकाउंटही बंद केलं. मग मी त्याला रात्रीच्या फोनबद्दल विचारलं. बराच वेळ गेला. त्याचा प्रोजेक्ट बंद होणार होता, पुढे काय याचा पत्ता नव्हता, आणि त्या बाईही त्याच प्रोजेक्टवर होत्या. दोघं रोज त्यावरच बोलत. "घरी सांगून काय करणार होतो? मुलाची फी, घराचा हप्ता. हिला उगाच टेन्शन."

मला वाटलं होतं वैशालीला हायसं वाटेल. ती रडली. "मला टेन्शन द्यायचं नाही म्हणून तिला दिलं," ती म्हणाली. निलेशला हे आधी कळेचना. लफडं नाही म्हटल्यावर विषय संपला, असं त्याला वाटत होतं. आमच्या पुढच्या भेटींत खरं काम यावरच झालं: काय लपवलं, ते कुणाच्या भल्यासाठी होतं, आणि "आमच्यात काही प्रॉब्लेम नाही" असं तो इतकी वर्षं कशाला म्हणत होता.

फोनचे पासवर्ड एकमेकांना द्यायचे नाहीत, हे दोघांनी ठरवलं. मीच तसा आग्रह धरला होता, कारण उघडा फोन म्हणजे तपासणीला रोजचं आमंत्रण. त्याऐवजी रविवारी सकाळी पैशांचा हिशोब दोघांनी मिळून करायचा. निलेशला अजून ते जड जातं, दोन रविवार त्याने टाळलेही. वैशाली आता फोन बघत नाही, पण तो रात्री दार लोटून बोलायला लागला की तिची झोप उडते, आणि ती उठून त्याला सांगते की दार उघडं ठेव. पुढच्या भेटीत मुलगाही येणार आहे. फीबद्दल त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.