कोल्हापुरात बर्फ नाही, मग स्की शिकणाऱ्या मुलाचा तोल घरच्या घरी कसा सुधारायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहा वर्षांचा आहे, जानेवारीत गुलमर्गला आठवडाभर स्की शिकून आला, पुढच्या वर्षी परत जायचंय, आणि तोपर्यंत तोलासाठी डुगडुगती फळी घ्यावी का. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि औलीला दोन आठवड्यांचा कोर्स करताना स्वतः भरपूर आपटलोय. तेवढ्या अधिकारानं सांगतो, फळी राहू द्या. पोराला लंगडी घालायला लावा.

हसू नका. स्कीवर उजवीकडे वळताना बराचसा भार डाव्या पायावर येतो, डावीकडे वळताना उजव्यावर. म्हणजे आलटून पालटून एका पायावर तोल सांभाळायचा, तोही पळत्या वेगात. लंगडीत वेगळं काय असतं? फक्त आपली पोरं कायम आवडत्याच पायावर लंगडी घालतात. दुसऱ्या पायावर घालायला सांगा, कच्चा पाय कुठला ते पाच मिनिटांत कळेल. माझा डावा कच्चा. औलीत डावं वळण झकास, उजवीकडे वळलं की बूड बर्फात!

दुसरी गोष्ट पैतऱ्याची. नवखी मुलं उताराला घाबरून मागं रेलतात. मग स्कीची टोकं हलकी होतात आणि वळणं हातातून जातं. खासबागेत कुस्ती पाहिली असेल तर पैलवान सलामीनंतर कसा उभा राहतो ते आठवा: गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढं, हात समोर. स्कीवरही असंच उभं राहायचं, फक्त पावलं शेजारी शेजारी, कमरेइतक्या अंतरावर, आणि नडगी बुटाला पुढून टेकलेली.

तिसरी गोष्ट उडीची, आणि इथं मात्र मी कडक आहे. बाजूला उडी मारून एका पायावर उतरायचं आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. समोर बसून गुडघा बघा. तो पावलाच्या सरळ रेषेत हवा, आत वळायला नको. स्कीत गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध फाटणं ही नेहमीची दुखापत आहे, म्हणून आत वळणारा गुडघा दिसला की उडीची लांबी निम्मी करा. संख्या वाढवायचा मोह नको. पाय थकले की उतरणं बिघडतं, आणि शरीर तेच बिघडलेलं शिकतं.

जमायला लागलं की एका पायावर उभं राहून डोळे मिटायचे, भिंतीजवळ. डोंगरावर ढग उतरले की बर्फातले उंचवटे दिसतच नाहीत, तेव्हा तळपायानंच जमीन ओळखावी लागते.

फळीला माझा विरोध अनुभवातून आलाय. मी हौसेनं एक आणली, फरशीवर ठेवली, ती सटकली आणि पुतण्याच्या हनुवटीला टाके पडले. शिवाय स्कीचा बूट कडक असतो, घोटा त्यात बाजूला फारसा हलत नाही. तोल सावरायचं काम गुडघा आणि कंबर करतात. नुसता घोटा डुगडुगवून फार हशील नाही. पैसे घालायचेच असतील तर एका रांगेत चाकं असलेले स्केट्स घ्या, हेल्मेट आणि गुडघ्याच्या पट्ट्यांसकट. कडेवर झुकून वळणं त्यात जवळपास तसंच लागतं.

आठवड्यातून तीन-चार दिवस, पंधरा मिनिटं, फुटबॉलच्या आधी. रविवारी जोतिबाचा डोंगर चालत उतरवा, पळत नाही. उतरताना मांडी जसा भार झेलते तसाच स्कीवर झेलते. आणि गुलमर्गच्या पोरांनाही बर्फ काही बारमाही मिळत नाही. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान त्याच भागातला.

जिम आणि वजनं एवढ्यात नकोत. जोर-बैठका चालतील, त्या आपल्या गल्लीत कोणीही शिकवेल.