ते १५ लाख तुमचे नाहीत

पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलंय. लिहिणारे ६१ वर्षांचे आहेत. आजोबांनी काढलेलं अंत्यविधी साहित्याचं दुकान तिसऱ्या पिढीतही चालू आहे आणि मुलगा आता हाताशी आलाय. बांबू, मडकं, गोवऱ्या इथून सुरुवात झाली. आज दोन शीतपेट्या आणि स्वतःची शववाहिका आहे. रात्री तीनला फोन आला तरी दुकान उघडतं.

प्रश्न असा: "बचत खात्यात १५ लाख पडून होते. बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन सुचवला. वर्षाला ३ लाख, पाच वर्षं भरायचे, दहा वर्षं पूर्ण झाली की २१ लाख. म्हणजे ४० टक्के फायदा. पहिला हप्ता दिलाय, पॉलिसी हातात येऊन १६ दिवस झाले. मुलगा म्हणतो, ते बंद करा आणि एसआयपी करा, १२ टक्के मिळतात. काय करू?"

घाईचं आधी. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक'चे असतात. त्या मुदतीत परत केली तर मुद्रांक शुल्क, झाली असल्यास वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण यांचे किरकोळ पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. तुमच्याकडे जेमतेम दोन आठवडे आहेत. म्हणून हे उत्तर इथे येण्याआधी तुम्हाला मेलवर पाठवलंय.

त्या ४० टक्क्यांचंही सांगून टाकतो. पैसे पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने जातात, म्हणजे सरासरी आठ वर्षं अडकतात. आठ वर्षांत १५ चे २१ म्हणजे वर्षाला सव्वाचार-साडेचार टक्के. बँकेतली साधी मुदतठेव याहून जास्त देते, आणि ती त्याच मॅडमच्या टेबलावर मिळते. पण मुदतठेव विकून त्यांचं टार्गेट भरत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात: "हे पैसे तसे गावातल्या ज्येष्ठ मंडळींनी स्वतःच्या कार्यासाठी आगाऊ ठेवलेले आहेत. मुलं परदेशात, कुणाला मूलबाळ नाही. पण लगेच लागणार नाहीत."

अहो, मग पडून काय होतं? ही ६२ माणसांची अमानत आहे.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. ६२ जणांचे मिळून १५ लाख, म्हणजे माणशी २४ हजार. पण आज शीतपेटी, गाडी, लाकूड, साहित्य आणि दहाव्यापर्यंत गुरुजी धरून तुमचा स्वतःचा खर्च ३४ हजार येतो. ६२ गुणिले ३४ हजार, २१ लाख. देणं २१ लाखांचं, हातात १५. तुम्ही १५ लाख कुठे गुंतवू विचारताय आणि प्रत्यक्षात ६ लाखांच्या खड्ड्यात उभे आहात. पॉलिसी दहा वर्षांनी जे २१ लाख देणार, तेवढं देणं आजच आहे. शिवाय लाकूड आणि डिझेल दहा वर्षं याच भावाला थांबणार नाहीत.

'लगेच लागणार नाहीत' हे तर तुमच्या तोंडी शोभत नाही. या मंडळींत बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे. ही नावं आणि रकमा तुम्ही ज्या वहीत लिहून ठेवता, त्या वहीतल्या सहा जणांचं गेल्या वर्षी केलंत. पुढे वर्षाला सात धरा. पाच वर्षांत ३५ जणांचं करावं लागेल आणि वाढत्या भावाने १४ लाख तरी लागतील. त्याच पाच वर्षांत खात्यातले सगळे १५ लाख पॉलिसीत गेलेले असतील. मग या ३५ जणांचा खर्च निघणार कुठून? नव्याने येणाऱ्या आजोबांच्या पैशांतून. असल्या योजना चालवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आपण पेपरात वाचतो. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतं, पण हिशोबाला हेतू दिसत नाही.

एसआयपी, म्हणजे शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणं, तेही नको. मार्च २०२० मध्ये शेअर बाजार दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता. त्या वर्षी तुमचा फोन किती वेळा वाजला ते तुम्हीच आठवा. जे पैसे कधी लागतील ते आपल्या हातात नाही, ते बाजारात घालायचे नसतात. आणि मुलाला सांगा, १२ टक्के कुणी 'देत' नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी त्या वहीची वाटते. लाल कापडी बांधणीची वही. नाव, रक्कम आणि पुढे एक ओळ. 'मोगऱ्याचा हार, गुरुजी नकोत.' 'अस्थी कृष्णेतच.' ही वही फक्त तुम्हाला वाचता येते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. तुम्हाला मधुमेह आहे, खातं एकट्याच्या नावावर आहे. उद्या तुम्हीच आधी गेलात तर? बँक ती रक्कम तुमची समजून नॉमिनी म्हणून पत्नीला देईल. नॉमिनी नुसता ताबेदार, हक्क वारसांचा. म्हणजे तुमची आई, पत्नी, मुलगा आणि सासरी गेलेल्या दोन्ही मुली. मोगऱ्याच्या हाराच्या आजींकडे पावतीसुद्धा नाही. त्या कुणाच्या दारात जाणार?

तेव्हा प्रत्येकाला लेखी पावती द्या: किती घेतले, त्यात काय काय करणार, नको झालं तर किती परत. वहीची एक प्रत मुलाकडे, एक सीएकडे. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, सही तुमची आणि मुलाची दोघांची. वकिलाकडून छोटा ट्रस्टनामा करून घेतलात तर उत्तम, म्हणजे ही रक्कम वारसांच्या वाटणीत येणार नाही. ताळेबंदात ती 'ग्राहकांची आगाऊ रक्कम' म्हणून देण्याच्या बाजूला दिसली पाहिजे. गेल्या पावसाळ्यात दुसरी शीतपेटी 'यातूनच' घेतलीत, ते शेवटचं.

आणि "नको असल्यास व्याजासकट परत देतो" हे बोलणं आजपासून बंद. कामासाठी घेतलेला आगाऊ पैसा वेगळा आणि व्याजाच्या बोलीवर घेतलेली ठेव वेगळी. बेकायदा ठेवींविरुद्ध केंद्राचा २०१९चा कायदा आहे, राज्याचा १९९९चा आहे. व्याजाचं नाव काढून कशाला त्यांच्या वाटेला जाता?

गुंतवणूक फार सोपी आहे. चार बँका, प्रत्येकीत ५ लाखांच्या आत, कारण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतो. तीन-चार लाख हाताशी, बाकीच्याच्या एक, दोन, तीन वर्षांच्या मुदतठेवी. गावातली पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणता, पण पतसंस्थेला हा ठेव विमा नाही. खड्डा भरायला धंद्यातून महिन्याला १७ हजार काढा, तीन वर्षांत ६ लाख होतात. महिन्याला ७० हजार सुटतात म्हणता, म्हणजे ओढाताण होईल पण जमेल. तोवर नवीन आगाऊ रक्कम घ्यायची नाही. कुणी फारच आग्रह केला तर ३४ हजारांत नाही, निदान ४५ हजारांत.

पॉलिसी परत करायला गेलात की मॅडम म्हणतील, "काका, थोडं थांबा, साहेबांशी बोलून घेते." थांबू नका. अर्ज लेखी द्या, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.