फोल्डर शेअर करा, पासवर्ड काढू नका

प्रश्न : ताई, मिरजेत आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तीन संगणक, तिन्ही विंडोज ११ चे, एकाच राउटरला जोडलेले. क्लायंटची सगळी कागदपत्रं माझ्या संगणकावर असतात आणि दोघे सहायक दिवसभर पेन ड्राइव्हने ने-आण करतात. म्हणून फोल्डर शेअर केला, तर त्यांच्याकडून उघडताना यूजरनेम आणि पासवर्ड मागतो. माझा रोजचा पिन टाकला, तो चालत नाही. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाका. करू का?

उत्तर : नका करू. त्या फोल्डरमध्ये लोकांची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट्स आहेत. लोकांनी ती तुमच्या भरवशावर दिली आहेत. पासवर्ड काढला की तुमच्या वायफायवर आलेल्या कोणाच्याही लॅपटॉपला तो फोल्डर उघडता येऊ शकतो. आणि एवढं करून काम होईलच असंही नाही. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो पासवर्डाशिवाय, म्हणजे गेस्ट म्हणून, दुसऱ्या संगणकात शिरायला मुळातच नकार देतं.

पिन चालत नाही, कारण तो फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून जात नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड चालेल, पण तो सहायकांना देऊ नका. त्यानेच तुमचा मेल आणि वनड्राइव्हही उघडतं.

सरळ उपाय म्हणजे तुमच्या संगणकावर शेअरिंगसाठी वेगळी खाती काढणं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जा आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा साधा यूजर तयार करा. प्रत्येक सहायकाचं खातं वेगळं ठेवा. उद्या एखादा नोकरी सोडून गेला, तर त्याचं तेवढं बंद करता येतं. पासवर्ड मात्र ठेवाच, कारण कोऱ्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पुष्कळ ऑफिसांत घोडं इथेच अडतं.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग. परमिशन्समध्ये ‘एव्हरीवन’ आधीच बसलेला असतो, त्याला काढा आणि ही दोन खाती घालून ‘चेंज’ द्या. एवढ्यावर थांबू नका. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्येही हीच खाती घालून ‘मॉडिफाय’ द्यावं लागतं. दोन्हीकडच्या परवानग्यांत जी कडक, ती लागू होते. एकीकडे पूर्ण मोकळीक आणि दुसरीकडे नाव नाही, तर फोल्डर दिसेल पण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येईल.

सहायकाच्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि पुढे तुमच्या संगणकाचं नाव टाइप करा. नावाने सापडला नाही, तर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, टाका. डावीकडच्या ‘नेटवर्क’मध्ये संगणक दिसत नाही म्हणून पुष्कळजण तिथेच हात टेकतात, पण यादीत नसलेला संगणकही असा थेट उघडतो. यूजरनेम विचारलं की आधी संगणकाचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव. खालच्या ‘रिमेंबर’ चौकटीत टिक केली की रोज विचारणार नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल सहायकाने त्याच्या संगणकावरून डिलीट केली, तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात ऐन रिटर्नच्या हंगामात एका क्लायंटचं अख्खं वर्ष असं गेलं आणि सगळे दोन्ही संगणकांची बिनं धुंडाळत बसले. म्हणून मी जिथे नेटवर्क लावून देते, तिथे भरून झालेल्या वर्षांचा फोल्डर वेगळा काढून त्याला फक्त ‘रीड’ देते. चालू वर्षाचा तेवढा ‘चेंज’वर. रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. एका संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला, तर त्याला लिहिण्याची परवानगी आहे ते सगळे शेअर फोल्डर तो कुलूपबंद करतो. जोडून ठेवलेली डिस्कही सुटत नाही.

प्रश्न : घरचा संगणक वायरने आणि लॅपटॉप वायफायने जोडलेला आहे. दोन्हीकडे इंटरनेट चालतं, पण एकमेकांना दिसत नाहीत. (ठाणे)

उत्तर : लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर आहे का ते आधी पाहा. ते बहुधा घरातल्या इतर यंत्रांपासून तोडलेलं असतं. तसं नसेल, तर दोन्हीकडे नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करा. हे घरात करा, हॉटेलात किंवा स्टेशनवर कधीही नाही.

प्रश्न : बार्शीत माझं रेडियम कटिंगचं दुकान आहे. कटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीच्या संगणकावर चालतं. नवा संगणक घेतल्यापासून दोघांत शेअरिंग होत नाही. एसएमबी १ चालू केलं की होतं म्हणतात.

उत्तर : होतं हे खरं. एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी भाषा, एक्सपीला तेवढीच येते आणि विंडोज १० ने ती २०१७ च्या अखेरीपासून नव्या यंत्रांवर बंद ठेवली. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने जगभरचे संगणक अडकवले, ते याच एसएमबी १ मधल्या भोकातून. एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्या एका यंत्रासाठी बिलं आणि हिशेब ठेवलेल्या नव्या संगणकाचं दार उघडू नका.

तुमच्याकडे मी पेन ड्राइव्हच चालू ठेवायला सांगेन. एक्सपीची नेटवर्क वायर काढून टाका. डिझाइन नव्या संगणकावर करा, एक पेन ड्राइव्ह फक्त कटरसाठी ठेवा आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह एक्सपीला कधीच लावू नका. त्याची फाइल आधी नव्या संगणकावर स्कॅन करून घ्या. आणि कटरच्या कंपनीकडे नव्या विंडोजचा ड्रायव्हर आहे का, ते एकदा विचारा. तो मिळाला, तर एक्सपी ठेवायचं कारणच उरणार नाही.